दोघांसाठी ठरवलेली होडी

अख्खी होडी फक्त दोघांसाठी ठरवणारी कामशेतातली पहिली बाई मीच असणार. निदान आमच्या आळीत तरी दुसरी कोणी अजून पुढे आलेली नाही. आता नातवंडं कुठल्या कुठल्या बेटांवर जातात, फोनवरच होडी ठरवतात, तोंडाला नळी लावून पाण्यात डोकं घालतात आणि मासे बघतात. मग मला फोटो दाखवतात. "आजी, ही आमची प्रायव्हेट बोट." मी म्हणते, छान. मनात म्हणते, बाळांनो, हे धंदे तुमच्या आजीनं तुमच्या बापाच्या जन्माआधी करून ठेवलेत. फरक एवढाच, की माझ्या प्रायव्हेट होडीत तुमचे आजोबा सोडून सगळी आळी बसली होती.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. पुण्याची मुलगी, मॅट्रिक पास, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली. लग्न होऊन भाताच्या गिरणीच्या घरात आले तेव्हा मला वाटत होतं, गिरणी पुढे आणि घर मागे, म्हणजे घर वेगळं. तसं काही नव्हतं. पुढचा कोंडा मागच्या भाकरीवर यायचा आणि मागचं बोलणं पुढे पोत्यावर बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत जायचं. दिवसभर गिरणीचा पट्टा फटफटत असायचा, तोवर कोणाला काही ऐकू येत नसे. संध्याकाळी गिरणी बंद झाली की सगळ्यांना सगळं ऐकू यायला लागायचं. पुरुष ओटीवर, बायका माजघरात, पोरं जिथं पडतील तिथं. दाराला कडी होती ती बाहेरून, मांजर दुधाकडे जाऊ नये म्हणून.

आता चावट मंडळी विचारतील, मग आजीबाई, दिवस कसे गेले? जातात हो. त्या घरात सगळ्याला सवड मिळायची, फक्त बोलायला मिळायची नाही.

आमचे हे लोणावळ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. सकाळी गाडीनं जायचे, दिवेलागणीला यायचे. मूळचे अबोल, त्यात घरात एवढी माणसं, की बोलायची पाळी यांच्यापर्यंत पोचायचीच नाही. आमचा सगळा संवाद सकाळी दाराशी, डबा हातात देताना. मी डबा धरून ठेवायची, हे ओढायचे, तेवढ्यात जे काय सांगायचं ते सांगून व्हायचं. "भाजीत मीठ कमी आहे." "बरं." "आईचं पत्र आलं." "बरं." सगळा संसार त्या डब्याच्या कडीला लटकलेला.

असंच एका सकाळी यांनी डबा ओढता ओढता सांगितलं, "लोणावळ्याला क्वार्टर रिकामी होतेय. साहेबांनी विचारलंय." आणि गेले.

मी दारात उभी. क्वार्टर! एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे न्हाणी. आणि दाराला आतून कडी. मला त्या खोलीत काय काय करायचं होतं असं नाही. मला नुसतं बसायचं होतं, कोणी 'सूनबाई' म्हणून हाक न मारता. सातवा महिना लागत होता. बाळ येईल तेही त्याच माजघरात बाकीच्या पोरांच्या पायाखाली येईल, ह्या विचारानं मला घाम फुटायचा. महिनाअखेरपर्यंत साहेबाला हो की नाही ते सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी डबा देताना मी विचारलं, "त्या क्वार्टरचं..." इतक्यात मागून नणंद आली, "दादा, मला येताना रिबिनी आणशील का?" तिसऱ्या दिवशी मामंजी तिथंच दात घासत उभे. मामंजी म्हणजे सासरे. ते दात घासायला लागले की वाटावं गिरणीचं चाक धुतायत.

हे हो म्हणतील की नाही, मला काही कळत नव्हतं. चेहऱ्यावरून कळावं तर चेहरा पार्सलासारखा, वरून दोरी बांधलेली.

मग माझ्या सुपीक डोक्यात होडी आली.

तुम्ही म्हणाल, होडीच का? कारण बाकी सगळं करून झालं होतं. देवळात जाऊ म्हटलं तर नणंद बरोबर दिली. बेडशाची लेणी बघू म्हटलं तर "ह्या अवस्थेत डोंगर?" म्हणून माझ्याऐवजी यांनाच दिरांबरोबर धाडलं, आणि हे मुकाट बघून आले. पण पाण्याचं तसं नाही. धरण भरून दोनचार वर्षं झाली होती. पवनानगरला एकदा सगळे मिळून पाणी बघायला गेलो होतो. तिथं पलीकडच्या गावांना जायला होडी असायची. ती काठापासून सुटली की मधेच कोणाला चढता येत नाही, हे मी नीट बघून ठेवलं होतं. मॅट्रिकचं शिक्षण वाया जात नाही.

होडीवाले आबा बाजाराच्या दिवशी मासळी घेऊन कामशेतला बसायचे. नणंद बांगड्यांच्या गाड्यावर रमली तशी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, होडी पाहिजे होती."

"कुटं जायचंय?"

"कुठं नाही. नुसतं फिरायचं."

"मंग उतरायचं कुटं?"

"जिथं बसू तिथंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. "तितंच बसायचं, तितंच उतरायचं. मंग घरीच बसाया काय हुतंय?"

"आणि दुसरं कोणी घ्यायचं नाही हं. अख्खी होडी आमची."

"शेळ्या हायेत का संगं?"

"नाही हो. आम्ही दोघंच."

"दोगं? अख्ख्या नावंत?" ते बाजूच्या सुकटवालीकडे वळले. "मावशे, ऐकलं का? गिरणीवाल्यांची सून अख्खी नाव घेतीय दोगांना. नाव हलकी झाली तर काय दगुड भरू का काय?"

मावशी हसली, मी लाल झाले, पण होडी ठरली. येता रविवार. सोमवार महिन्याचा शेवटचा दिवस. मी स्वतःवर इतकी खूष होते, की घरी येताना नणंदेला स्वतःहून कुल्फी घेऊन दिली.

शुक्रवारी आबा दारात हजर. मी माजघरात तांदूळ पाखडत होते. ओसरीवर सासूबाई आणि काकी, म्हणजे माझी चुलतसासू, पापड वाळत घालत होत्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. जाडजूड, काळ्यासावळ्या, नऊवारीचा काष्टा असा मारलेला की कुस्तीला उतरतील.

आबा म्हणाले, "वैनी, सूनबाईस्नी इचारा, बसाया घोंगडी टाकू का फळी चालंल? दोन जीवाची बाई."

"कशात बसाया?"

"नावंत. रैवारी. ठरवलीया न्हाई का त्यांनी."

पाखडायचं सूप माझ्या हातात तसंच राहिलं. पळावं तर मागचं दार नव्हतं. पळून तरी जाणार कुठे, गिरणीत?

आत्याबाई आत आल्या. "सूनबाई, कसली नाव?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, मला डोहाळे लागलेत."

"कशाचं?"

"पाण्यावर फिरायचे."

तोवर मला फक्त चिंचेचे आणि भाजलेल्या मातीचे डोहाळे लागले होते. पण पोटुशी बाई जे मागेल ते द्यावं लागतं, नाहीतर पोराचे कान फुटतात, असं आमच्याकडे पक्कं. मला वाटलं, सुटले. आत्याबाईंचा सगळा चेहरा उजळला.

"आगं काकी! ऐकलं का? नावंतलं डुहाळजेवण मागतीय पोर!"

आमच्यात सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, अंगभर फुलांचे दागिने, ओटी, गाणी. कोणी झोपाळ्यावर बसवतात, कोणी बागेत. ज्यांची फारच हौस ते होडीत. आत्याबाईंच्या बहिणीच्या सुनेनं पुण्यात फोटो स्टुडिओत होडीतलं डोहाळजेवण केलं होतं. होडी पुठ्ठ्याची आणि मागच्या पडद्यावर रंगवलेली हंसांची जोडी. तो फोटो बहिणीनं काच लावून पाठवला होता आणि वर्षभर आत्याबाईंच्या डोळ्यांत सलत होता.

"तिची पुठ्ठ्याची," आत्याबाई म्हणाल्या. "आपली खरी."

"आत्याबाई, फार माणसं नकोत हं," मी म्हटलं. "होडी लहान आहे."

"ल्हान कशी? शेळ्या बसत्यात तितं बायका बसत्यात."

"आणि... हे पण येतील ना?"

काकी खुदकन हसली. आत्याबाई म्हणाल्या, "बायकांच्या कारेक्रमात त्याचं काय काम? काठावर थांबंल. डबं उतरवाया लागंल ना कुणीतरी."

रविवारी गिरणीचा ट्रक निघाला. ज्या ट्रकमधून भाताची पोती जायची त्यात सतरंजी टाकून बायका, पुरणपोळ्यांचे डबे, ओटीचे नारळ, आणि मधोमध मी. नणंदेनं पहाटेपासून मोगऱ्याची वाडी गुंफली होती: वेणी, बाजूबंद, कंबरपट्टा, गळ्यात पदर, आणि हातात फुलांचा धनुष्यबाण. सगळं तारेवर. मान वळवली की तार टोचायची, हात उचलला की कंबरपट्टा सुटायचा. मामंजी आणि हे पुढे ड्रायव्हरजवळ. यांच्या डोक्याचा मागचा भाग मला फळीच्या फटीतून दिसत होता. त्या डोक्यात हो आहे की नाही, ह्याचाच मी पवनानगर येईपर्यंत विचार करत होते.

काठावर आबांनी होडी धुऊन ठेवली होती, तरी शेळ्यांचा वास जाईना. बायका एकेक करून चढल्या. प्रत्येक बाई चढली की होडी थोडी खाली बसायची. शेवटी आत्याबाई चढल्या आणि पाणी होडीच्या काठापासून बोटभरच खाली राहिलं. मला मधे पाटावर बसवलं.

"हलायचं न्हाई," आत्याबाईंनी बजावलं.

हलू कुठे? चारी बाजूंनी बायका, बायकांच्या चारी बाजूंनी पाणी. मी स्वतः ठरवलेली होडी, आणि तिच्यात मी अशी कोंबलेली, की पोत्यातला दाणासुद्धा जास्त मोकळा असेल. हे काठावर डब्यांपाशी उभे. मी त्यांच्याकडे धनुष्यबाण रोखून बघत होते. नेम धरून मारावा असंच वाटत होतं.

"चला आबा," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की होडीत एक पुरुष आहे. आबा मागच्या टोकाला वेळूची लांब काठी घेऊन उभे होते, तोंड आमच्याकडे.

"आबा, तोंड फिरवा."

"आँ?"

"बायकांचा कारेक्रम हाय. ओटी भरायचीय. तिकडं तोंड करा."

"वैनी, मागं बघून नाव कशी हाकू?"

"जलम गेला ना हितं? समदं पाठ आसंल."

"पाठ हाय, पर पाणी उतारलंय. बांध वर आल्यात."

"आबा."

आबांनी तोंड फिरवलं. आत्याबाईंनी असं नुसतं 'आबा' म्हटलं की गिरणीचं इंजिनसुद्धा बंद पडायचं. तर अशी आमची होडी निघाली, सगळ्या बायका पुढे बघतायत आणि चालवणारा मागे. थोडा वेळ छान वाटलं. वारा होता, समोर डोंगर होते. काकीनं गाणं धरलं. ओटी भरायला सुरुवात झाली. आणि खालून असा काही खर्र आवाज आला, की गाणं 'सातवा' शब्दावरच तुटलं. होडी थांबली.

धरणाखाली बुडालेल्या भातखाचराचा दगडी बांध होता तो. पाणी ओसरलं तसा वर आलेला, पण अजून पाण्याखाली. होडी त्यावर पोटावर निजलेल्या म्हशीसारखी बसली. आबांनी काठीनं रेटलं. काठी बांधाच्या बाजूच्या गाळात गेली ती गेलीच.

"म्हनलं हुतं," आबा डोंगराकडे बघत म्हणाले. तोंड फिरवायची परवानगी अजून मिळाली नव्हती.

आम्ही काठापासून हाकेच्या अंतरावर होतो. यांनी तिकडून विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाई!" आत्याबाईंनी ओरडून सांगितलं. "बसलीय!"

मामंजी ट्रक घेऊन गावात कोणाकडे तरी गेलेले. ते येतील, काठावरचा होडी बांधायचा दोर लावतील, मग ट्रकनं ओढतील असं ठरलं. तोवर करायचं काय? बायका कुठे अडकल्या म्हणून गप्प बसतात का? "बसलोयच तर उरकून घेऊ," म्हणाल्या. ओटी झाली, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, मी एक उघडली, पेढा निघाला, सगळ्यांनी मुलगा मुलगा करून ओरडून घेतलं. मला हसूही आलं नाही. मी काठावरच्या त्या एका माणसाकडे बघत होते. तो एकटा होता! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो एकटा उभा होता आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं. आणि मी इथं.

शेजारी काकी होडीच्या काठावरून वाकली होती. तिचं माहेर ह्याच पाण्याखाली गेलेलं. तिनं पदर कानामागे खोवला आणि सरळ तोंड पाण्यात घातलं, डोळे उघडे ठेवून. बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तोंडावरून पाणी निथळत होतं.

"काय दिसलं गं?" कोणीतरी विचारलं.

"काय न्हाई. गढूळ हाय समदं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "एक मासा आला व्हता नाकापातूर. त्यो काय वळखतोय मला."

सगळ्या हसल्या, तीपण. मला मात्र एकदम काही सहन होईना. सूर्य डोंगराकडे कलायला लागला होता. आता मामंजी येणार, होडी ओढणार, ट्रक भरणार, घर येणार, माजघर येणार. सकाळी डबा. आणि डब्याच्या वेळी परत कोणीतरी दात घासत उभं. मग सोमवार संपला.

मी उठले. होडी डुलली, बायका किंचाळल्या. कंबरपट्टा तुटून पाण्यात पडला.

"अहो!" मी ओरडले. "क्वार्टरचं काय केलंत?"

आवाज पाण्यावरून गेला, डोंगराला लागला आणि परत आला. 'केलंत' सगळ्यांनी दोनदा ऐकलं.

"काय?" हे म्हणाले.

"क्वार्टर! लोणावळ्याची! उद्या सांगायचंय ना साहेबाला?"

यांनी इकडेतिकडे बघितलं, जणू काठावर यांच्याशिवाय दुसरा कोणी आहे आणि प्रश्न त्याला आहे.

"घरी बोलू!"

"घरी कुठे?" मी ओरडले. "घरी कुठे बोलणार आहोत आपण? जागा दाखवा!"

आबांनी एवढ्यात हळूच तोंड आमच्याकडे फिरवून घेतलं होतं. त्यांना दोष देत नाही.

यांनी उगाच एक डबा उचलून दुसऱ्यावर ठेवला. मग एकदम ओरडले, तेही पार्सल टाकल्यासारखं, "नाही म्हणून सांगितलं! परवाच! आईला चालायचं नाही म्हणून!"

मी पाटावर बसले. सगळ्या बायका आत्याबाईंकडे बघायला लागल्या आणि मी माझ्या धनुष्यबाणाकडे. झालं. क्वार्टर गेली, आणि घर फोडणारी सून म्हणून नाव झालं ते वेगळंच, तेसुद्धा आळीतल्या सगळ्या बायकांच्या साक्षीनं, स्वतःच्या डोहाळजेवणात. एवढी पक्की व्यवस्था करून कोणी गाढवपणा केला नसेल.

आत्याबाई उठल्या.

"कोन म्हनलं?" त्यांनी काठाकडे ओरडून विचारलं.

"काय?"

"मला चालायचं न्हाई, ह्ये कोन म्हनलं तुला? मी म्हनले?"

"नाही, पण..."

"मला इचारलंस?"

"आई, तुला वाईट..."

"थांब तितंच."

त्यांनी काष्टा आणखी वर खोवला, होडीच्या काठावर हात टेकला आणि उतरल्या. आम्ही सगळ्या "अवं आत्याबाई!" म्हणेपर्यंत त्या बांधावर उभ्या होत्या, पोटऱ्यांइतक्या पाण्यात. बांध काठापर्यंत गेलेला. त्या चालायला लागल्या, शेताच्या बांधावरून घरी निघाव्या तशा.

आणि आत्याबाई उतरल्याबरोबर काय व्हावं? होडी उचलली गेली. हलकी झाली, बांधावरून पलीकडे घसरली आणि खोल पाण्यात निघाली. काठी तिकडे गाळात उभी, आम्ही इकडे. वारा काठाकडून. मी लांब लांब चाललेय आणि तिकडे काठावर माझा फैसला चाललाय. एक शब्द ऐकू येत नव्हता. आत्याबाईंचे हात दिसत होते. एकदा त्यांनी होडीकडे बोट केलं, एकदा कामशेतच्या दिशेला, एकदा स्वतःच्या छातीवर थाप मारली. हे खाली मान घालून. मग आत्याबाईंनी हात कमरेवर ठेवले आणि काहीतरी एकच वाक्य म्हटलं असावं, कारण यांनी शर्ट काढला.

हे पोहत आले. मावळातली पोरं पोहायला काय, विहिरीत पडूनच मोठी होतात. काखेखालून काठावरचा तो दोर, तोंडात टोक. होडीची माझ्या बाजूची कड धरून थांबले, दम खात, केसांतून पाणी गळतंय. इतक्या जवळून यांना मी उजेडात कधी बघितलंच नव्हतं. भुवईत एक व्रण होता. मला माहीतच नव्हता.

काकीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तुटलेलं गाणं मोठ्यानं परत धरलं. इतकं मोठ्यानं, की बगळे उडाले. मग सगळ्याच बायका गायला लागल्या, डोंगराकडे बघत, एकीनंही मान आमच्याकडे वळवली नाही. आबांनी आपणहून तोंड फिरवलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"उद्या परत साहेबांकडे जा म्हणाली."

"मग?"

"जातो."

"विचारू नका. मागा."

"बरं."

"मिळेल?"

"माहीत नाही," हे म्हणाले. आणि मग, लग्नानंतर यांनी मला आपण होऊन विचारलेला पहिला प्रश्न, "तुला तिथं एकटीला भीती नाही वाटणार?"

मी म्हटलं, "वाटेल. वाटू दे की."

यांनी माझ्या हातातला फुलांचा बाण घेतला, काय करावं कळेना, कानावर अडकवला आणि दोर होडीच्या नाकाला बांधायला निघून गेले. पेन्सिल अडकवायची सवय होती.

काठाला लागलो तेव्हा आत्याबाई दगडावर बसून लुगडं पिळत होत्या. मी पाया पडायला वाकले; पोटामुळे धड वाकताही येईना. त्यांनी दंडाला धरून उभं केलं.

"आत्याबाई, चुकलं..."

"गप. मला लगीन झाल्यापासनं कुणी कंदी इचारलंच न्हाई, ह्ये चालंल का म्हून. ह्यानं बी न्हाई, ह्याच्या बापानं बी न्हाई. मी बी कंदी वरडले न्हाई." त्यांनी पिळा झटकला. "तू निदान वरडलीस तरी."

ती क्वार्टर मिळाली नाही. सोमवारी हे गेले तोवर ती दुसऱ्याला देऊन झाली होती. मी त्याच माजघरात परत आले, बाळ तिथंच आलं, पायाखाली आलं नाही एवढंच. आत्याबाईंनी पाळण्याभोवती भाताची पोती रचून तटबंदी केली. पण ह्यांचं साहेबाकडे मागणं सुरू राहिलं, अबोल माणसाच्या चिकाटीनं, आणि पोरगं रांगायला लागलं तेव्हा क्वार्टरांच्या ओळीतली सगळ्यात शेवटची खोली मिळाली. रुळाच्या इतकी जवळ, की गाडी गेली की फळीवरचे डबे सरकायचे. दाराला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती लावली, काढली, परत लावली. हे ऑफिसात होते, पोर झोपलेलं. मी खोलीच्या मधोमध बसले आणि दहा मिनिटांत मला रडू फुटलं, कारण कोणी हाक मारेना. घ्या! काय पण बाई!

आठवडा झाला असेल नसेल, दुपारी कडी वाजली. आत्याबाई. एकट्या. गाडीनं आलेल्या, बरोबर ना डबा ना पिशवी. मला वाटलं, घरी काही झालं. मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाल्या. खोलीभर बघितलं, न्हाणीत डोकावल्या, कडी हलवून बघितली. मग आतून लावली. चटई ओढली, भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

"आत्याबाई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? निजते वाईच." डोळे मिटून घेतलेले. "उठवू नको. आन् कामशेतास्नं कोन आलं, तर मी हितं न्हाई म्हून सांग."